माझं लहानपण दादाला विचारलं

बायांनो, आज परभणीत डॉक्टरकडं गेले होते. मला ऑटिझम अन् एडीएचडी दोन्ही असावेत, हे पन्नाशीत उमगायलंय. तपासणी करून घ्यायची होती.

डॉक्टरांनी सोबत आलेल्या दादाला विचारलं, "लहानपणी कशा होत्या ह्या?"

"लय शांत. कसलाच तरास न्हाई."

"मग काही नाही. लग्न, लेकरं, सगळं झालंय की."

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत बंद पुकारला की पालमची आमची शाळा मधेच सुटायची. सगळ्या पोरी खूश. मी मात्र ठरलेला तास बुडाला म्हणून संध्याकाळपर्यंत रडायचे. वर दप्तर कुठंतरी विसरून यायचे अन् मार खायचे. मार खाऊन गप्प बसायला शिकले, तेच दादाचं ‘लय शांत’.

मारायचा दादाच. आज साक्षही त्याचीच धरली.

मी समोरच बसले होते. मला का न्हाई विचारलं?