धाविकाच्या अंड्यांपाशी चार तास

माझ्या धीराचा मला भलता गर्व होता. घरी चहाला दोन मिनिटं उशीर झाला तरी मी घर डोक्यावर घेते, पण पक्ष्याच्या फोटोसाठी तासन्‌तास हूं की चूं करत नाही. नवरा म्हणायचा, "त्यातला चिमूटभर धीर आमच्या वाट्याला येऊ दे की!"

मे महिन्यात कवठे येमाईच्या माळावर एका आबांनी मला धाविकाचं, जमिनीवर पळणाऱ्या त्या पक्ष्याचं, घरटं दाखवलं. घरटं कसलं, मुरमात उघड्यावर पडलेली दोन अंडी, खड्यांच्याच रंगाची. आबा आता शेती करतात, पण वीसेक मेंढरं अजून ठेवलीत. आठ दिवस ते मेंढरं तिथून लांबून वळवून नेत होते. म्हणाले, "ताई, पाखरू लई बुजरं हाय. एक फोटो काढा आन् लगीच माघारी फिरा."

मी "हो आबा, हो" म्हटलं. मनात म्हटलं, यांना काय कळतंय फोटोतलं!

दुसऱ्या दिवशी दहा वाजता वीस पावलांवर मळकट कापडाचा आडोसा लावून आत बसले. धाविक पळत आलं, थबकलं, माघारी गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. ये की रे बाबा, मी काय खाते तुला? घामानं डोळे चुरचुरत होते, पायांना मुंग्या आल्या होत्या. पण हलले नाही. बघू कोण आधी थकतं ते!

दोनच्या सुमारास आबा तरातरा आले. "ताई, अजून हितंच?"

"ते अंड्यांवर येतच नाही. मी जराही हलले नाही हो, आबा."

ते अंड्यांपाशी उकिडवे बसले. मला जवळ बोलावलं आणि एक अंडं माझ्या तळहातावर ठेवलं. चटका बसला.

"दुपारचं ते उबवत न्हाई, अंड्यांवर सावली धरून उभं ऱ्हातं," आबा म्हणाले. "तुम्ही हितं बसल्यावर ते कसं येणार?"

अग बाई! चार तास मी त्याची वाट बघत होते आणि ते माझ्या उठण्याची. मी अंडं अलगद जागेवर ठेवलं. आबा आडोशाचं कापड सोडायला लागले.

आडोसा गुंडाळून आम्ही बांधावर पोचलो. मी मागं वळून बघितलं. धाविक धावत आलं होतं आणि त्या शिजलेल्या अंड्यांवर सावली धरून उभं होतं.