मेणाच्या नटाशेजारची खुर्ची

समोर ताटकळणाऱ्या माणसाला तुम्ही आपणहून कधी ‘बस’ म्हणता का? आमच्या दारव्ह्याच्या मोठीमायइतक्या वेळा हा शब्द सबंध जिल्ह्यात कुणी उच्चारला नसेल. मोठीमाय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. जिनिंगमध्ये मशीनला कापूस लावत तिने उमर उभ्याने काढली, म्हणून उभा माणूस तिला बघवत नाही. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला तिने बाजेवर असं बसवलं, की चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा होईपर्यंत त्याची मिरवणूक उन्हात खोळंबली. शोकसभेत सगळे मौनासाठी उठले, तर हिने शेजारच्या म्हाताऱ्याला सदरा ओढून खाली बसवलं. “मेलेल्याले काय समजते? याचे गुडघे पाह्य!” हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

यंदा उन्हाळ्यात यवतमाळला नामवंतांच्या मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन आलं. मी तिला घेऊन गेलो. आत एसी होता, मेण वितळू नये म्हणून. सोफ्यावर हसरा नट, शेजारी फोटोपुरती रिकामी मखमली खुर्ची, आणि “हात लावू नका” एवढंच म्हणायला ठेवलेली केळापूरकडची एक पोरगी. मोठीमायने नटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कायले उभी हायेस वं पोरी?”

“बसाले मनाई हाय, आजी. सकाळपासून उभीच हाय.”

तिचे पाय सुजले होते. मोठीमायने दंडाला धरून तिला खुर्चीत बसवलं. मॅनेजर धावत आला. “मावशी, ती खुर्ची फोटोसाठी आहे!”

“मंग काढ ना इचा फोटो! इच्यावाणी जित्तं माणूस हाय का तुह्याजवळ दुसरं?”

लोक हसले, मोबाइल वर झाले. पोरगी घाबरून उठली. मेणाला थंडावा मिळतो, रक्तामांसाला साधं स्टूल मिळत नाही, आणि हे आपण तिकीट काढून पाहतो!

पुढच्या आठवड्यात मोठीमायने घरचं स्टूल जीपच्या टपावर बांधून नेलं. जागेवर दुसरीच पोरगी उभी होती. “पहिलीले काढलं,” ती पुटपुटली. मोठीमायने स्टूल तिच्यापाशी ठेवलं. तिने स्टुलाकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, आणि उभीच राहिली.

आता मोठीमायने अंथरूण धरलंय. आल्यागेल्याला अजूनही “बस” म्हणते. मधूनच विचारते, “ते पोरगी बसली असन का रे कुठी?”

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. असे पुतळे पाहायला जाल, तेव्हा फोटोआधी त्या पोरीसाठी खुर्ची मागा. पण एकट्याने नको, अख्ख्या रांगेने मागा. एकट्या मोठीमायने मागितली, तर पोरीचं काम गेलं.