कूलरपुढचा मोगरा

उभ्या नागपुरात मरायला टेकलेल्या रोपांना एकच वाली होता, तो म्हणजे आमचे घरमालक. नोकरीच्या पहिल्या वर्षी धरमपेठेत त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. काका रोपवाटिकेत जायचे आणि टवटवीत रोपांकडे ढुंकूनही न पाहता कोपऱ्यातलं सर्वांत मरतुकडं उचलायचे. "चांगल्याले कोनीही नेते गा, याले कोन नेईन?" घरी आणलं की नाडी पाहावी तसे देठ दोन बोटांत धरून त्याच्याशी तासन्‌तास बोलायचे. रोपंही बहुधा भिडेखातर जगायची.

त्या चैत्रात त्यांनी चार पानांचा मोगरा आणला. काकूंना मोगऱ्याचा भारी सोस, त्यामुळे हा जगायलाच हवा होता. ऊन तापू लागलं तसा काकांचा जीव खालीवर होऊ लागला. शेवटी त्यांनी कुंडी घरात कूलरपुढे मांडली, नेमकी काकू दुपारी आडव्या व्हायच्या तिथे. काकूंची चटई स्वयंपाकघराच्या दाराशी सरकली. तीन दुपारी त्यांनी सोसलं, चौथ्या दिवशी पिशवी भरली.

"मोगऱ्यासंगच करा आता संसार. त्याले फूल आलं का मंग येईन मी," म्हणून त्या नरखेडला भावाकडे निघून गेल्या.

काका रोज पोस्टकार्ड टाकायचे, "आज दोन पानं फुटली." उत्तर नाही. अंधारलेली गार खोली, ओल्या वाळ्याचा वास, हळूहळू डोलणारा मोगरा आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसलेले काका. दाराशी उभं राहिलं की मलाही गुंगी यायची. पानं मात्र उदंड, कळीचा पत्ता नाही. मी धीर करून म्हटलं, "काका, मोगऱ्याला ऊन लागतं."

"माणसं भाजून राहिली, अन् तू याले उन्हात ठेवाले सांगतं? काहून गा, तुले दया नाही?"

ऐन मे महिन्यात कूलरची मोटर जळाली. हताश होऊन काकांनी कुंडी अंगणात ठेवली. पंधरवड्यात मोगरा कळ्यांनी लगडला. पहिलं फूल उमललं त्या दिवशी ते ओल्या रुमालात गुंडाळून, डब्यात घालून, काका भर दुपारच्या एसटीने नरखेडला गेले.

दुसऱ्या दिवशी दोघं परतले. काकूंच्या अंबाड्यात तपकिरी पडलेलं फूल होतं.

"डब्यातच शिजलं गा ते," त्या मला हसत म्हणाल्या, "पन यांचं तोंड पाहा, उन्हानं कसं काळं पडलं. मंग काय करू, आली."

पुढे मी खूप ताजे गजरे पाहिले. त्या फुलाला तर वासही उरला नव्हता. तरी त्या दिवशी काकू दहादा अंबाड्याला हात लावून ते जागेवर आहे ना, पाहत होत्या.