रजेच्या अर्जावरचं कारण

फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावताना तुम्ही कधी विचार केलाय का, चप्पल कुणाची लावायची?

माझ्या वेळी केला गेला.

शिवाजी पार्कजवळ दहावी-बारावीचा एक क्लास आहे. तिथल्या ऑफिसात मी काम करते. फोन घेणं, फॉर्म भरून घेणं, आलेल्या-गेलेल्या कागदांचं आवक-जावक रजिस्टर ठेवणं. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी खुर्चीवरून खाली पडले. पुढचं आठवत नाही. लहानपणापासून मला फिट येते; त्यातलं आठवत नाहीच. शुद्ध आली तेव्हा जीभ चावली गेली होती, कपडे ओले होते, एका पायात चप्पल नव्हती. क्लासच्या मालकीणबाई दारात उभ्या होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. म्हणाल्या, "उठता येतंय ना? मग एवढी फरशी पुसून घे. चारच्या बॅचची मुलं येतील."

मी पुसली. बादली स्वतः भरून आणली. वर सॉरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझा कप वेगळा झाला. खिडकीत, एकटा. मॅडम म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस, मुलांच्या आया विचारतात. माझ्या आजीला गावात चहा वेगळ्या कपात मिळायचा. ती सांगायची तेव्हा मला वाटायचं, ही तिच्या काळातली गोष्ट आहे. फिटचा आजार कपातून पसरत नाही. मॅडमना हे माहीत नसेल? त्या बायोलॉजी शिकवतात.

गोळ्या बदलल्या, वाढवल्या. फिट थांबेनात. परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाच दिवस भरती व्हा. डोक्याला वायरी चिकटवणार, समोर चोवीस तास कॅमेरा. त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करणार आणि फिटची वाट बघणार. ती मेंदूत नेमकी कुठून सुरू होते ते कळलं, तर ऑपरेशन शक्य आहे का ते ठरेल. नर्सने तयारीचा कागद दिला. डोकं धुऊन या, तेल नको. पुढून बटणं असलेले कपडे आणा, वायरी लावल्यावर डोक्यातून काही घालता-काढता येणार नाही. घरचं एक माणूस कायम सोबत. शेवटची ओळ होती: आधी आलेल्या फिटचा मोबाइलवर व्हिडिओ असेल तर आणा.

घरी कुणी काढला नव्हता. फिट आली की आई रडते, बाबा मला सांभाळतात. मोबाइल कोण धरणार? पण एक व्हिडिओ आहे, हे मला ऐकून माहीत होतं. माझ्यासोबत ऑफिसात काम करणाऱ्या वैभवने काढलेला. मागितला, तर तो आधी नको म्हणाला, मॅडमना कळलं तर त्याचं काय. मग पाठवला. खाली लिहिलं होतं, तू बघू नको, आवाज बंद करून डायरेक्ट डॉक्टरला दाखव.

मी बघितला. आवाजासकट. चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत, बाबांच्या शेजारी बसून. बाबा छापखान्यात आहेत. हक्कांची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं त्यांनी छापली, चाळीचाळीत वाटली. मी अक्षरं त्यांवरच गिरवली.

बावन्न सेकंद. सुरुवातीलाच मॅडमचा आवाज. "व्हिडिओ काढ, वैभव. उद्या ह्यांचे लोक येतील विचारायला."

ह्यांचे लोक.

मी जमिनीवर झटके देतेय. कुणीतरी पालक म्हणतंय, चप्पल हुंगवा, लवकर, मॅडम तुमची द्या. मग पुन्हा मॅडम.

"माझी नको. तिचीच घे."

आणि माझी चप्पल माझ्या नाकावर दाबलेली.

बाबांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, "तू लहान होतीस तेव्हा मीपण लावायचो. पत्रकात एक छापायचो आणि घरात..."

मी त्यांना माफ केलं असं लिहिणार नाही. चप्पल ती चप्पलच. पण बाबांनी घाबरून हाताला लागेल ती उचलली होती. तिथे आधी कुणाची ते ठरलं.

मग बाबा उठले. वॉर्डात फिट आली की सोबतच्या माणसाने काय करायचं, ते कागदावर होतंच. सरावासाठी त्यांनी वॉर्डातल्या बेलच्या जागी टीव्हीचा रिमोट हातात घेतला. बटण दाबायचं. चादर बाजूला करायची. कॅमेऱ्याच्या आड यायचं नाही. आई पलंगावर पेशंट होऊन पडली होती. म्हणाली, "अहो, बटणं काय दाबत बसलाय, आधी मला कुशीवर तर करा." दहा वेळा केलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी दोन प्रतींत रजेचा अर्ज दिला. कारण: अपस्माराच्या तपासणीसाठी हॉस्पिटलात भरती. मॅडमनी वाचून परत सरकवला. गावी लग्न आहे असं लिही म्हणाल्या. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय.

"आमच्या गावी लग्न नाहीये, मॅडम."

मग रजा मिळणार नाही, म्हणाल्या. आणि अशा अवस्थेत तुला कामावर ठेवायचं का, त्याचाही विचार करावा लागेल.

ही नोकरी मला लागते. सॉरी तोंडात आलं होतं, सवयीने.

गिळलं.

आवकचं रजिस्टर उघडलं. आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा आणि रजिस्टरमध्ये खोडाखोड करायची नाही, हा मॅडमचाच नियम. अर्जदाराच्या जागी माझं नाव लिहिलं. विषयात कारण लिहिलं, पूर्ण. दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. एक त्यांच्यापुढे ठेवली, एक पर्समध्ये टाकली. म्हटलं, "रजा नाकारायची असेल तर लेखी नाकारा. का नाकारली तेही लिहा."

अजून काहीही लेखी आलेलं नाही.

सोमवारी भरती आहे. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवणार, आवाजासकट. नोकरी राहील का, माहीत नाही. ऑपरेशन होईल का, तेही नाही. बरी झाले नाही, तरी माझ्या आजाराला मी कधीही कुणाचं लग्न म्हणणार नाही.

तुमच्या ओळखीत कुणी फिट लपवून कामाला जात असेल, तर आज त्याला फोन करा. विचारा, तुला फिट आली तर मी काय करू? तो सांगेल ते लिहून घ्या. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. त्याचं नाव न घालता तो कागद तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावा, साहेबाला दिसेल असा. कुणी काढला, तर परत लावा.