दोष कोणाचा

पुण्याजवळच्या तळवड्यात एखाद्या वर्कशॉपवरून जाताना तापलेल्या ऑइलचा उग्र वास आला, की मला आमचं जुनं ऑफिस आठवतं. खाली लेथची घरघर आणि वर आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कॉन्ट्रॅक्टची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच होता, जगभरच्या लोकांनी मिळून फुकट चालवलेला. प्रोग्रॅमच्या एका भागानं काय द्यायचं आणि दुसऱ्यानं काय घ्यायचं, हा दोघांमधला करार ती तपासायची आणि तो कोणी मोडला तेही सांगायची. एका सकाळी तिनं ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीनं लिहिलेल्या भागाकडे बोट दाखवलं. ग्राहकाचं काम अडलेलं, त्यामुळे साहेबांनी मैत्रिणीला प्रोजेक्टवरून काढायचं ठरवलं. “माझं बरोबर आहे गं,” एवढंच ती म्हणाली. मी तिचा कोड ओळ न् ओळ वाचला. तो बरोबरच होता. लायब्ररीच भलत्या बाजूला दोष देत होती. “अख्खं जग वापरतंय ती, चुकेल कशी?” साहेब हसले. “चुकतेय सर, दाखवते,” मी म्हणाले. लायब्ररीचा कोड जिथे ठेवलेला असतो, त्या रिपॉझिटरीत मी दुरुस्ती पाठवली. लायब्ररी सांभाळणाऱ्या परदेशातल्या बाईंनी ती परत केली: आधी चूक सिद्ध करणारी चाचणी लिहा. तिथल्या जुन्या चाचण्याच धड चालत नव्हत्या. त्या नीट केल्या, मग नवी लिहिली, पुन्हा पाठवली. शेवटी बाईंचं उत्तर आलं, “तुमचं बरोबर आहे. दुरुस्ती घेतली.” मी स्क्रीन साहेबांकडे वळवली. त्यांनी वाचलं आणि मैत्रिणीजवळ जाऊन म्हणाले, “सॉरी मॅडम, काम तुमच्याकडेच राहील.” ती खुर्ची पुढे ओढून कामाला लागली. आता ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांत मीही आहे, आणि कोणा अनोळखी माणसानं चूक कळवली, की उत्तर देण्याआधी मी कोड स्वतः चालवून पाहते.