तोवारा बेटावरचे ढोल

कमलाकांत तळपदे यांचे जगातल्या बऱ्याच देशांशी चांगले संबंध होते. शेजाऱ्यांशी तेवढे नव्हते.

छंद शॉर्टवेव्ह रेडिओचा. दूरदेशीचं स्टेशन पकडायचं, काय ऐकलं ते लिहून त्यांना कळवायचं. माणूस थापा मारत नाही अशी खात्री पटली, की तिकडून पोचपावतीचं रंगीत कार्ड येतं. मोबाइलवर सगळं जग फुकट ऐकू येतं असं कोणी म्हटलं, की बाजारात पापलेट मिळत असताना गळ कशाला टाकतोस असं विचारणाऱ्याकडे पाहावं, तसे ते त्याच्याकडे पाहत. कार्डं प्लास्टिकच्या पाकिटांत असत. ती बघायची तर बायकोलाही आधी हात धुवावे लागत. सुमतीबाईंनी बघणंच सोडलं होतं.

गिरगावातलं घर बिल्डरकडे गेलं आणि टॉवर होईपर्यंत म्हणून दोघं लालबागला भाड्यानं आली. बिल्डरनं टॉवरचं चित्र अगदी वेळेवर दिलं. नव्या घराच्या बरोबर खाली कालिंदी परबची मसाल्याची गिरणी. उन्हाळ्यात अर्ध्या मुंबईला वर्षाचा मसाला करून हवा असतो, त्यामुळे मिरच्या कुटणारा तिचा डंख दिवेलागण झाली तरी थांबत नसे.

एप्रिलात बातमी आली, की पॅसिफिकमधल्या तोवारा बेटाचं स्टेशन महिनाअखेर कायमचं बंद होणार. संग्रहात तोवारा नव्हतं. त्याच आठवड्यात, इथे संध्याकाळ आणि तिकडे मध्यरात्र होत असताना, ते लागलं. इंग्रजीत पुटपुटणारा एक बाप्या, आणि त्याच्यामागे संथ लयीत ढोल. कमलाकांतांच्या अंगावर काटा आला. ‘पारंपरिक ढोलवादन, आदिम व हृदयस्पर्शी’ असं लिहून त्यांनी ईमेल धाडला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘त्या वेळी आम्ही होड्यांसाठी हवामान सांगतो. आमच्याकडे ढोल नाही. होता तो चर्चनं नेला. कृपया पुन्हा ऐकून कळवावे.’

“ढोल कसले?” सुमतीबाई म्हणाल्या. “कालिंदीची मोटर ती. तिचा डंख पडला की तुमचं खोकं ढुमढुमतं. कधीची सांगतेय.”

“कधी सांगितलंस?”

“हेडफोन लावला होतात तेव्हा.”

खाली डंख थांबला. हृदयस्पर्शी वादनही थांबलं.

रोज संध्याकाळी ते ऐकत राहिले, रोज तोवाराचं हवामान मिरच्यांबरोबर कुटलं जात राहिलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मात्र ते गिरणीत उतरले. पिशव्या घेऊन बायकांची रांग लागली होती.

“कालिंदीबाई, सात वाजता पाच मिनिटं डंख बंद ठेवाल का? मला रेडिओ ऐकायचाय. नीट ऐकून कळवलं तरच त्यांचं कार्ड येतं.”

“ऐका की. मी काय तुमच्या कानात मिरची घातलीय?”

“तुमच्या मोटरची ढुमढुम येते त्यात.”

“काका, सीझन हा! डंख थांबवलंय तर ह्यो बायको माकाच कुटतली.”

रांगेत भोईवाड्याच्या रमाबाई पुढे होत्या. “काय लागतंय एवढं रेडिओवर?”

“हवामान. तोवाराचं. पॅसिफिकमध्ये आहे.”

“तिथं पाऊस पडला तर आपण छत्री घ्यायची का?”

रांग हसली. एरवी कमलाकांतांकडे यावर छोटंसं भाषण तयार असे. आज ते सुचेना. “आपल्याला काही नाही त्याचं,” ते म्हणाले. “आज शेवटचं आहे. उद्यापासून ते स्टेशन नाही.”

रमाबाईंनी पिशवी खाली ठेवली. “मग तसं बोला ना. आमच्या मिलचा भोंगा शेवटचा वाजला, तेव्हा कोणी सांगितलं पण नव्हतं शेवटचा आहे म्हणून. कालिंदे, बंद कर गं.”

“करतंय. पण रेडिओ हय आणूचो, आमी पण ऐकतलंव. नि कार्ड इलाच तर गिरणीत लागताला. मोटर माझी बंद ऱ्हवतली.”

सुमतीबाईंनी गॅलरीतून अँटेनाची वायर खाली सोडली आणि मागोमाग त्याही आल्या. डंख थांबला. तोवाराचा बाप्या असा स्पष्ट बोलू लागला, की जणू रांगेतच उभा आहे: पूर्वेचे वारे, लाटा उंच, लहान होड्यांनी बाहेर पडू नये. एवढ्यात हवेतली मिरची नाकात गेली आणि सुमतीबाई शिंकल्या. मग रमाबाई, मग अख्खी रांग. कमलाकांत डोळे पुसत लिहीत होते. बाप्या दोनदा खोकला, शुभरात्री म्हणाला, आणि मागे नुसती सरसर उरली.

कमलाकांतांनी पेनाला टोपण लावलं.

“झाला?” कालिंदीनं विचारलं आणि बटण दाबलं.

या खेपेचा ईमेल छोटा होता: ‘पूर्वेचे वारे. लहान होड्यांना इशारा. शेवटी आपण खोकलात. ढोल नाहीत. मागचे ढोल आमचे होते.’

श्रावणात कार्ड आलं. निळा समुद्र, एक माड, आणि त्याखालीच हातानं लिहिलेलं: ‘बरोबर. खोकला बरा आहे.’

कमलाकांतांनी ते दोन दिवस घरात ठेवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी खालून हाक आली, “काका, कार्ड!” कालिंदीनं ते गणपतीच्या तसबिरीखाली चारी कोपऱ्यांना सेलोटेप मारून चिकटवलं. हात धुवायचं कोणी तिला सुचवलं नाही. माडावर हळदीचा अंगठा उमटला.

आता ते बघायला कमलाकांतांना रोज खाली जावं लागतं, आणि रिकाम्या हातानं परतणं बरं दिसत नाही. घरात इतकी हळद साठली आहे, की सुमतीबाई लग्नघरं शोधतात.

“खंयचा गो गाव ह्यां?” नवी गिऱ्हाइकं कार्डाकडे बघून विचारतात.

“म्हायत नाय,” कालिंदी म्हणते. “पण थंय ढोल नाय.”