चाचांचा तळहात

कळमनुरीत माझ्या दुकानाशेजारी गाड्यांचे पोचे काढणारे एक डेंटर चाचा आहेत. गाडीचा पत्रा ते डोळे मिटून, तळहातानं बघतात.

परवा नांदेडकडे निघालेल्या दोन जुन्या विलायती कूपे, म्हणजे दोन दारांच्या गाड्या, त्यांच्यापाशी थांबल्या. एक साठच्या दशकातली इटालियन, दुसरी ऐंशीच्या दशकातली जर्मन. इटालियनच्या मडगार्डला पोचा पडला होता. चाचांनी दोन्हींवरून हात फिरवला.

"कोणती भारी?" मी विचारलं.

"जर्मन एकदम बराबर हाय, मशीनची. पण हिला आतून हात लावा."

इटालियनच्या मडगार्डाला आतून बारीक खळगे लागले.

"हातोडीचे ठोके हायेत. माझ्यासारखंच कोणीतरी ठोकत बसलं असंल."

चाचांनी पोचा काढला. गाडीचे मालक म्हणाले, "आतूनही गुळगुळीत करा."

"न्हाई साहेब. त्या कारागिराचं काम मी काहून मिटवू?"

मालक हसून खाली वाकले आणि त्यांनीही आत हात घातला.